मदत हवी: हाताने घडवलेली सुरी मागवतोय, यातले 'एक्स्ट्रा' कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी, मी कराडचा. स्वयंपाकघरासाठी आठ इंची सुरी एका कारागिराकडून करून घेतोय. स्टील ५२१०० (बेअरिंगसाठी वापरतात ते जास्त कार्बनचं स्टील). मूळ किंमत झेपते, पण खाली एक्स्ट्राची जी शेपटी जोडलीय ती धरली की आकडा दुपटीच्या आसपास जातो.

दमास्कस (नक्षीदार) पातं, आरशासारखं पॉलिश, निमुळता टँग (पात्याचा मुठीत जाणारा भाग टोकाकडे बारीक केलेला), स्टॅबिलाइज केलेल्या (रेझिन मुरवलेल्या) शिसवीची मूठ, मोझॅक पिन (मूठ जोडणारी नक्षीदार खीळ), नाहीतर सांबरशिंगाची मूठ, कातडी म्यान. आणि कहर म्हणजे 'हीट ट्रीटमेंट (तापवून पाणी देणं) अपग्रेड'! आमच्या गल्लीतला लोहार कमानपाट्याचा कोयता करून देतो, पाणी द्यायचे वेगळे पैसे लावत नाही.

वापर रोजची भाजी आणि रविवारचं मटण (हाडं खाटीकच तोडून देतो). कापण्यात फरक पडेल असं यात काय आहे?

प्रतिसाद (मिरज):
दादा, आधी हीट ट्रीटमेंटचं विचारा. पाणी आणि टेंपरिंग (नंतर पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा घालवणं) मूळ किमतीतच हवं. 'अपग्रेड' म्हणजे द्रव नायट्रोजनमधलं क्रायो (पातं अतिथंड करणं) असेल, तर ५२१०० ला थोडा फायदा होतो, पण त्याशिवाय सुरी वाईट ठरत नाही. कठीणपणा किती ठेवणार ते लेखी घ्या. ६० ते ६२ रॉकवेल सी (कठीणपणाचं माप) मिळाला तर उत्तम.

दमास्कस म्हणजे दोन स्टीलं घडवून जोडायची आणि आम्लात बुडवून नक्षी उठवायची. देखणं दिसतं, टोमॅटोला काही कळत नाही. आरशाच्या पॉलिशवर पहिल्याच आठवड्यात ओरखडे दिसतील, हाताचं सॅटिन (मंद चमकीचं पॉलिश) पुरे. निमुळत्या टँगला मात्र खरी मेहनत लागते. मुठीतलं वजन कमी होऊन तोल पात्याकडे सरकतो. परवडलं तर हा घ्या.

शिसवी मुळातच घट्ट आणि तेलकट, तिच्यात रेझिन नीट मुरत नाही. तिच्या स्टॅबिलायझेशनचे पैसे कशाला? सांबरशिंगाचं नावच काढू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. कातडी म्यानात ओल धरते आणि ५२१०० स्टेनलेस नाही, पावसाळ्यात तांबेरा येणार. कैरी-लिंबू कापल्यावर पातं निळसर काळं पडेल, त्याला घाबरू नका. लगेच धुवा, पुसा.

धागाकर्ता:
आभारी आहे. दमास्कस, म्यान, सांबरशिंग काढलं. क्रायोचं उद्या फोनवर विचारतो. मोझॅक पिन तेवढी ठेवतोय, घरून तसा हुकूम आहे. टँगचा पर्याय घेतला, तर मूठ पाहून मगच ठरवावी का?