षट्कोण आपला की ज्यूंचा?

रेघोटी: पूजेच्या यंत्रात (देवतेच्या रेखाकृतीत) एकमेकांत अडकलेल्या दोन त्रिकोणांचा षट्कोण असतो, इस्रायलच्या झेंड्यावरही तोच. कुणी कुणाकडून घेतला? पाच टोकांचा तारा उलटा काढला की अभद्र, हे कुठून आलं? आणि रांगोळीत ठिपक्यांवर काढलेला षट्कोण उभट का होतो?

ताम्रपट: आधी शब्दाचा घोळ. भूमितीतला षटकोन म्हणजे सहा बाजूंची बंद आकृती. तंत्रसाधनेतला षट्कोण म्हणजे सहा टोकांचा तारा.

देवाणघेवाण झालीच असेल असं मानायचं कारण नाही. वर्तुळाची त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते. हे सहा बिंदू एक सोडून एक जोडले की तारा तयार, म्हणजे कंपास हाती असलेला कुणीही तिथे पोचतो.

आपल्याकडे वर टोक असलेला त्रिकोण शिव, खाली टोक असलेला शक्ती. अनाहत चक्रात (योगातलं हृदयाजवळचं चक्र) बारा पाकळ्यांच्या आत षट्कोण आणि मध्ये वायूचा बीजमंत्र ‘यं’. कार्तिकेयाच्या यंत्रात सहा कोनांत श-र-व-ण-भ-व ही अक्षरं. श्रीयंत्राला मात्र षट्कोण म्हणू नका. तिथे नऊ त्रिकोण एकमेकांना छेदतात आणि ४३ लहान त्रिकोण होतात.

ज्यूंचं जुनं चिन्ह सात फांद्यांचा दीपवृक्ष, मेनोरा. रोममधल्या टायटसच्या कमानीवर तोच कोरलाय. इस्रायलमधल्या कफर्णहूमच्या प्राचीन सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) कोरीवकामात पाच आणि सहा टोकांचे तारे दोन्ही आहेत, पण नक्षी म्हणून. साऱ्या ज्यूंची खूण म्हणून तारा खूप उशिरा रुळला: १८९७ च्या स्वित्झर्लंडमधल्या बाझल परिषदेत झिओनिस्ट चळवळीने (ज्यूंच्या स्वतंत्र देशासाठीच्या) तो उचलला, आणि २८ ऑक्टोबर १९४८ ला तो इस्रायलच्या अधिकृत ध्वजावर आला.

बुरूज: भर घालतो. ‘मागेन डेव्हिड’ म्हणजे दाविदाची ढाल. त्या नावात तारा कुठेच नाही. भायखळ्याच्या सिनेगॉगचं नावही तेच. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यात कमानींच्या दोन्ही खांद्यांवर षट्कोण आहेत, त्यांचा ज्यूंशी संबंध नाही. इस्लामी परंपरेत ही आकृती सुलेमानची मुद्रा. त्यामुळे नुसती आकृती पाहून धर्म ठरवू नये.

पाच टोकांचा तारा पायथागोरसच्या अनुयायांची ओळखीची खूण होता, अर्थ आरोग्य. मध्ययुगीन युरोपात तो संरक्षणाचं चिन्ह होता. दोन टोकं वर म्हणजे बोकडाची शिंगं, सबब सैतान, ही वाटणी एकोणिसाव्या शतकातल्या एलिफास लेवी या फ्रेंच गूढविद्यावाल्याची. जुनं शास्त्र वगैरे काही नाही.

ठिपका: रांगोळीचं सांगते. चौकोनी मांडणीवर समभुज त्रिकोण बसतच नाही. ओळींमध्ये १, ४, ३, ४, १ असे तेरा ठिपके द्या, प्रत्येक ओळ मध्यरेषेवर सारखी वाटलेली. त्यामुळे ३ च्या ओळीतले ठिपके ४ च्या ओळीतल्या फटींसमोर येतात. ठिपक्यांत ४ सेंमी अंतर असेल तर ओळींत साडेतीन ठेवा. तिथेही चार ठेवलेत की तारा उभट होणारच, तुमचं बहुधा हेच होतंय.

आता वरच्या एका ठिपक्यापासून चौथ्या ओळीच्या दोन्ही टोकांपर्यंत एक त्रिकोण, खालच्या एकापासून दुसऱ्या ओळीच्या टोकांपर्यंत दुसरा. गुंफलेला हवा असेल तर रेघा सहा ठिकाणी छेदतात. एकदा वरून, पुढच्या वेळी खालून. सलग दोनदा वरून गेलात की शेवटच्या छेदाला गुंफण जुळत नाही, आणि मग पुसायलाच लागतं.

रेघोटी: ओळीतलं अंतरच चुकत होतं. ३.५ ने काढते.