थेट पाईपलाईन आली, मग कळंब्याचं पाणलोट मोडीत काढायचं?

कळंबेकर
काल आमच्या कोल्हापूरच्या एका ग्रुपवर पोस्ट वाचली: "काळम्मावाडीचं पाणी घरात आलं. कळंबा आता फक्त फिरायचा तलाव. पाणलोटात घरं नकोत म्हणणाऱ्यांनी गप्प बसावं." काळम्मावाडी म्हणजे दूधगंगेवरचं धरण, तिथनं आता थेट पाईपलाईननं शहराला पाणी येतं; कळंबा म्हणजे शहराला लागून असलेला जुना तलाव. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

2019 चा ऑगस्ट विसरलात? पंचगंगा घरात आणि नळ कोरडा. उपसा केंद्रंच पाण्यात गेली. 2021 ला पुन्हा तेच. माझी सत्तरीची आई टँकरच्या रांगेत घागर धरून उभी होती. थेट पाईपलाईन 2023 च्या दिवाळीला आली, तेव्हा मलाही आनंद झाला. पण त्या पन्नासएक किलोमीटरमध्ये कुठं गळती लागली की शहर ताटकळतं, आणि धरणावरचा उपसा शेवटी विजेवरच. कळंब्याचं पाणी संस्थानकाळात उतारानं शहरात यायचं. मोटार नाही, वीज नाही. असला तलाव हातचा घालवायचा?

पाणलोट म्हणजे तलावाचा काठ नव्हे. कात्यायनीच्या डोंगराकडून पाऊस जिथनं जिथनं उतरतो ते सगळं. दर वर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर मी ओढ्यावर जातो. पूर्वी पाणी गवतातनं झिरपत, दमादमानं यायचं, तळाचे गोटे दिसायचे. आता तासाभरात लालभडक लोट येतो. वर दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, खाली प्लॉटिंगच्या भरावाचा मुरूम. तो सगळा तलावात बसतो. आणि काठावर म्हशी धुणं चालू आहे ते वेगळंच.

पाचगावकर
ती पोस्ट माझी आहे. लपवत नाही.

फंड मोडून त्याच पाणलोटात गुंठा घेतलाय. शहरात फ्लॅट परवडत नाही म्हणून इकडं आलो, हौसेनं नाही. तुम्ही पेठेतल्या वाड्यात राहून आम्हाला पाणलोट शिकवता. शहरातल्या रंकाळा तलावात सांडपाणी सोडून जलपर्णी कुणी माजवली? जयंती नाला, दुधाळी नाला कुणाचं घेऊन पंचगंगेत जातात? पाचगावचं नाही. आधी स्वतःचा नाला बघा, मग माझ्या गुंठ्यावर बोट ठेवा.

गंगावेसवाला
म्हशीवर कशाला घसरला ओ? माझा आजा गंगावेशीत धार काढून दूध द्यायचा, आज मी देतोय. निम्मं कोल्हापूर ते दूध पिऊन तालमीत गेलंय. म्हशीला घाम कमी येतोय, उन्हाळ्यात पाण्यात बसली नाही तर दूध तोडत्या. आमची म्हस काय तेजाब ओतत्या व्हय तळ्यात?

कळंबेकर
दादा, दुधाबद्दल एक शब्द बोललो नाही. पिण्याच्या पाण्यात शेण नको, एवढंच.

गंगावेसवाला
दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून काढल्या की फोटोला समदे पुढं. दुसऱ्या दिवशी तीच म्हस घाण. पूर्वी जागोजागी तळी होती, ती बुजवून तुम्हीच कॉलन्या उठवल्या. मग जनावर न्यायचं कुठं? ह्याचं उत्तर द्या, मग बोला.

रसायनवाल्या बाई
उत्तर मी देते. शाळेत रसायनशास्त्र शिकवते. दादा, शेणानं नायट्रोजन, फॉस्फरस वाढतो, त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसते. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे वर येऊन मरतात, रंकाळ्यावर बघितलंय आपण. पण चार म्हशींपेक्षा शंभर घरांच्या शोषखड्ड्यांचं मैलापाणी कितीतरी जास्त, आणि ते वर्षभर मुरतं. डोळ्यासमोर दिसते म्हणून म्हशीवर खापर फोडू नका.

कळंबेकर
बरं बाई, म्हशीचं मी आधी काढायला नको होतं. पण म्हशींना वेगळा हौद पाहिजेच.

गंगावेसवाला
हौद द्या, तळ्यात पाय ठेवणार न्हाई. हे बोलायला एवढं रामायण लागलं.

पाचगावकर
म्हणजे फिरून दोष आमच्या शोषखड्ड्यावरच. नळाचं पाणी शुद्ध करूनच येतं ना? तुरटी आहे, क्लोरीन आहे. मग तलावाची एवढी काळजी कशाला?

गावभाग, इचलकरंजी
"शुद्ध करूनच येतं" हे वाचून हात थरथरला. 2012 च्या उन्हाळ्यात आमच्याकडं काविळीची साथ आली. पंचगंगेचंच पाणी. माझी वहिनी पाच महिन्यांची गरोदर होती. पिवळे डोळे दिसल्यापासून नवव्या दिवशी गेली. भाऊ अजून गाळलेलं, उकळलेलं पाणीसुद्धा वास घेऊन पितो. वरच्या गावानं पाणी खराब करायचं आणि खालच्यानं क्लोरीनवर भरोसा ठेवायचा, हे पुन्हा बोलू नका.

रसायनवाल्या बाई
गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावर आणि घाणीवरच खर्ची पडतं, जंतूंसाठी उरत नाही. उगमाचं पाणी स्वच्छ असेल तरच शुद्धीकरण केंद्राला अर्थ आहे.

दूधगंगाकाठ
कागल तालुक्यातला शेतकरी आहे. काळम्मावाडी म्हणजे शहराचा हौद नव्हे, आमच्या शेतीचं धरण आहे. त्याच धरणाला गळतीही लागली होती. इचलकरंजीला आमच्या दूधगंगेचं पाणी सुळकूड गावावरनं द्यायचं म्हटल्यावर आम्ही विरोध केला, तेव्हा आम्हाला माणुसकी नाही म्हणालात. शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावती अडवली ती शेती भिजावी म्हणून. तुमच्या दारातला तलाव घालवता आणि लांबून आमचं पाणी नेता. आधी कळंबा राखा.

गावभाग, इचलकरंजी
आमची माणसं मेली, आणि तुम्ही "आमचं पाणी" म्हणता?

दूधगंगाकाठ
वहिनींचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण नदी साफ करा म्हणून तुम्ही वरच्या शहराशी भांडा, आमच्या पाटाशी का?

गावभाग, इचलकरंजी
भांडतोय. 2012 पासून भांडतोय.

पाचगावकर
वहिनींबद्दल माफ करा. मला ठाऊक नव्हतं.

गुंठा सोडणार नाही, हे स्पष्ट सांगतो. माझ्याकडं दुसरं काही नाही. पण शोषखड्ड्याचं खरं आहे. मागच्या पावसाळ्यात माझाच भरून वाहिला, आणि ते पाणी ओढ्याकडंच गेलं. आमच्या गल्लीत चौदा घरं आहेत. बंदिस्त टाकी आणि उपसायची गाडी वाटून खर्चात बसते का, ते विचारून बघतो. नवीन प्लॉट पाडणाऱ्यांना मात्र तुम्ही अडवा. त्यांच्यापुढं आमचं कोण ऐकणार?

कळंबेकर
रविवारी सकाळी सातला मी ओढ्यावर असतो. या, भराव कुठनं वाहतोय ते दाखवतो. गंगावेसवाल्या दादांनाही सांगतो, हौदाला जागा कुठली ते तिथंच बघू.

गंगावेसवाला
सातला धार असत्या. आठला येतो.