'रडके माहितीपट' म्हणणाऱ्यांसाठी

ओवी_ठाणे
काल 'दगडफोड्या' यांनी लिहिलं की रोलिंग स्टोन्स बँडच्या मैफलीचा 'शाइन अ लाइट' पुन्हा पाहिला, त्रेसष्टीतल्या गायक जॅगरची कंबर बघा आणि आपल्या पोटांचे नगारे बघा. पुढे फुकटचा सल्ला: असलं काही बघा, ते खाण्याच्या आजारांवरचे रडके माहितीपट बघून कुणाचं भलं झालंय?

डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

दिग्दर्शक स्कोर्सेसीने २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात कॅमेरे लावले, ते सारखे त्या कंबरेभोवती घुटमळतात. त्याच वर्षीचा खाण्याच्या आजारांवरचा माहितीपट 'थिन' घ्या. फ्लोरिडातलं उपचार केंद्र, वजनकाट्यावर चढणाऱ्या बायका. इकडे हाडं दिसली की शिट्ट्या, तिकडे दिसली की हुंदके. नजर एकच.

माझी धाकटी बहीण जेवण झालं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर. आई रोज ओरडायची, "पिंप रिकामं केलंस, उद्या तूच भर." दोन वर्षं घरात भांडण झालं ते पाण्यावरून. नळ कशाचा आवाज झाकतोय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. 'थिन' पाहिला तेव्हा मला कळलं.

दगडफोड्या
ताई, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण मी कंबरेचं कौतुक केलं आणि तुम्ही मला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत! २००३ ला ब्रेबॉर्नवर स्टोन्स आले तेव्हा मी होतो. पगार उडवला, बायको आठवडाभर बोलली नाही. आणि 'शाइन अ लाइट'मध्ये एक गाणं संपल्यावर ड्रमर चार्ली वॉट्स कॅमेऱ्याकडे बघून गाल फुगवून 'फूऽऽ' करतो, ते दिसलं नाही का तुम्हाला? दमलेला म्हाताराही त्याच सिनेमात आहे.

गिटारवाला_डोंबिवली
म्हाताऱ्या बँडचे सगळेच सिनेमे म्हणजे पेन्शन योजना. लेड झेपेलिन बँडचा लंडनच्या ओटूमधला कार्यक्रम २००७ चा, त्याचा सिनेमा 'सेलिब्रेशन डे' आला २०१२ ला. पाच वर्षं काय मुरांबा घातला होता?

दगडफोड्या
मुरला म्हणूनच गोड लागला.

नाकासमोर
ओवी, अर्धं पटलं. पण 'थिन'सारखे माहितीपट आजारी मुली धडा म्हणून बघतात, कोण किती बारीक हे मोजत. माझी भाची बघायची. टॉड हेन्सने उपाशी राहण्याच्या आजाराने गेलेल्या गायिका कॅरेन कार्पेंटरवर सिनेमा केला तो बार्बी बाहुल्या घेऊन, बाहुलीचा चेहरा न् हात चाकूने तासत नेले. खऱ्या बाईची बरगडी दाखवायची वेळच आली नाही. तिच्या भावाच्या कोर्टकचेरीमुळे १९९० पासून तो सिनेमा बंद, हे वेगळं.

ओवी_ठाणे
मुद्दा आहे. नाइलाजाने मान्य. कॅरेन मुळात ड्रमर होती आणि बत्तिसाव्या वर्षी गेली, हेही कुणीतरी लिहा. लोकांना फक्त तिचं वजन आठवतं.

मधली_फळी
बायकांचंच चाललंय. २०२० चा बीबीसीचा, इंग्लंडचा क्रिकेटपटू फ्लिंटॉफवरचा माहितीपट बघा. एवढा धिप्पाड गडी, वर्षानुवर्षं खाऊन ओकत होता. सुरुवात पेपरवाल्यांनी जाड म्हणून झोडपल्यापासून.

कट्ट्यावरचा
तोच ना, वानखेडेवर शर्ट काढून नाचलेला? दादाने लॉर्ड्सवर बरोबर जिरवली.

मधली_फळी
विषय काय, बोलताय काय!

कट्ट्यावरचा
विषय शर्टाचाच आहे. वानखेडेवर शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या आणि श्रीनाथने आडवी बॅट फिरवली.

गिटारवाला_डोंबिवली
श्रीनाथला नावं ठेवू नका. आधी कुंबळे धावचीत झाला. वरच्या फळीने काय दिवे लावले ते बोला.

कट्ट्यावरचा
तुम्ही मॅच पाहिली होती का, की धावफलक पाठ केलाय?

नॉर्थ_स्टँड
मी पाहिलीय, मैदानात बसून. ३ फेब्रुवारी २००२. फ्लिंटॉफ सीमारेषेवर यायचा तेव्हा आमच्या रांगेतून "ए ढोल्याऽऽ" चालू होतं. मीही ओरडलो, घसा बसेपर्यंत. मग पाच धावांनी हरलो आणि त्याने शर्ट काढला. तेव्हा वाटलं, माज. माहितीपट बघताना तारखा जुळवल्या. ओकायला लागला होता तो तेव्हाच्याच सुमारास. त्याला मराठी कुठे कळतंय, म्हणून मनाची समजूत घातली. पण हातवारे कुणालाही कळतात.

ओवी_ठाणे
'दगडफोड्या', हे वाचलंत?

दगडफोड्या
वाचलं. बरं, 'रडके' मागे घेतो. कंबरही मागे घेतो, हवी तर वेष्टनात बांधून पाठवतो. पण चार्लीचा 'फूऽऽ' तुम्हीही बघायचा. आज रात्री मी फ्लिंटॉफ लावतो. बायको म्हणतेय, जेवताना नको.

ओवी_ठाणे
जेवून झाल्यावर बघा. आणि मधे उठून कुणी नळ सोडला तर लगेच पाण्यावरून ओरडू नका.

कट्ट्यावरचा
लॉर्ड्स १३ जुलैला होतं. कुणी १४ लिहायच्या आत सांगून ठेवतो.