मदत हवी आहे : ‘बी रुजण्याचे चित्र’ म्हणजे नेमके कोणते?

रेघोटी : मी शालेय स्वाध्यायपुस्तिकेसाठी चित्रे काढते. सूचना एवढीच होती : ‘बी रुजण्याचे चार टप्पे, आकर्षक व शास्त्रीय.’ मी घेवडा काढला आणि रोपाने दोन्ही बीजपत्रे (बीच्या दोन डाळी) मातीबाहेर उचललेली दाखवली. चित्र तिसऱ्यांदा परत आले असून शेरा फक्त ‘चुकीचे, पुन्हा काढावे’ असा आहे. परवा फाइल द्यायची आहे. काय करू?

कृष्णधवल : इयत्ता कोणती, छपाई एकरंगी की चाररंगी, चित्राला जागा किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मुक्तचित्रकार : करारातच दोन दुरुस्त्यांची मर्यादा घाला आणि तिसऱ्या दुरुस्तीपासून वेगळे मानधन घ्या. मी तसेच करतो.

विज्ञानाच्या बाई : मर्यादा घातल्याने मुलांच्या हाती पडणारे चित्र बरोबर होत नाही. रेघोटी, पाठात बी कोणते आहे? घेवड्याची बीजपत्रे वर येतात. हरभऱ्याची आणि वाटाण्याची मातीतच राहतात. मका असेल तर बीजपत्र एकच.

मुक्तचित्रकार : बाई, चित्रकाराने फुकट किती वेळा काढायचे, हाही प्रश्न आहेच.

रेघोटी : पाठ मला दिलेलाच नाही. इयत्ता पाचवी, छपाई एकरंगी, जागा अर्धे पान.

निळी शाई : दाब ओळखणारा पेन असलेला टॅबलेट घ्या, रेषा फार सुंदर येते.

कृष्णधवल : त्यांनी टॅबलेटबद्दल विचारलेले नाही. एकरंगी छपाईत करड्या छटा एकमेकींत मिसळतात, म्हणून माती ठिपक्यांनी दाखवा आणि बी पांढरे सोडा.

रेघोटी : संपादकांना फोन करून पाठाचे पान मागवले. पहिलीच ओळ ‘हरभरे रात्रभर भिजत घाला’ अशी आहे! हे एक वाक्य सूचनेत असते, तर माझे आठ दिवस वाचले असते. बाई, मूळ नेमके कुठून काढू?

विज्ञानाच्या बाई : हरभऱ्याला चोच असते, तिच्याजवळून मूळ फुटते. आजच मूठभर हरभरे भिजवा, मग ओल्या फडक्यात बांधून ठेवा आणि फुटलेले मूळ समोर ठेवून काढा. चौथ्या टप्प्यात पाने जमिनीच्या रेषेवर आणि बी रेषेखालीच हवे.

रेघोटी : हरभरे भिजत घातले आहेत. नावे दाखवणाऱ्या रेघा मी ओढायच्या की अक्षरजुळणीवाल्यांनी, हे आता लेखीच विचारते.