डोंगराचा उतार नकाशावर काढायचाय, नवख्याला झेपेल असं कोणतं सॉफ्टवेअर?

माणदेशी_माती
नमस्कार मंडळी. आमचं गाव माण तालुक्यात. येत्या उन्हाळ्यात गावच्या डोंगरावर सलग समतल चर (पाणी अडवायला एकाच उंचीवरून उताराला आडवे खणलेले चर) खणायचे ठरलंय, माथा ते पायथा. ३३ टक्क्यांच्या वर उतार (म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात ३३ मीटरपेक्षा जास्त चढ) असेल तिथे चर घ्यायचे नाहीत असं आम्ही ठरवलंय, पण तो भाग नेमका कुठून सुरू होतो यावर दर बैठकीत वाद होतात. मागच्या वर्षी एका उभ्या अंगावर खणलेले चर पहिल्याच वळवाच्या पावसात फुटले. तीन दिवसांचं श्रमदान मातीसकट ओढ्यात गेलं. बायाबापड्यांनी उन्हात केलेलं काम होतं ते, फार वाईट वाटलं.

म्हणून उताराचा रंगीत नकाशा हातात हवाय. मी शाळेत शिक्षक आहे, जीआयएस (संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र) वगैरे शिकलेलो नाही. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. विकतचं काही परवडणार नाही. सुरुवात कुठून करू?

कातळकोपरा
सर, आधी गूगल अर्थ प्रो टाका, फुकट आहे. माथ्यापासून ओढ्यापर्यंत रेघ ओढा, तिच्यावर राइट क्लिक करून 'शो एलिव्हेशन प्रोफाइल' निवडा. खाली चढउताराचा आलेख येतो, उतार थेट टक्क्यांत. अर्ध्या तासात हात बसतो. मात्र त्या एका रेघेपुरताच उतार कळतो, सबंध डोंगर रंगवून मिळत नाही.

उतारवाट
तुमच्या कामाला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरच. मी पाणलोटाच्या कामात बरीच वर्षं आहे, गावागावांत मुलांना हेच शिकवते. फुकट आहे आणि एका तालुक्यापुरत्या कामाला ४ जीबीत चालतं, फक्त बाकीच्या खिडक्या बंद ठेवा. 'लाँग टर्म रिलीज' लिहिलेली आवृत्ती घ्या. फाइल एक जीबीच्या वर आहे, तेव्हा चांगलं नेट असेल तिथून उतरवा. आर्कजीआयएस उत्तम आहे, पण परवाना विकतचा. ग्रास आणि सागा ही नावंही कानावर येतील, सध्या त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सॉफ्टवेअरइतकाच उंचीचा डेटा लागतो, त्याला डीईएम म्हणतात. त्यात जमिनीच्या प्रत्येक चौकोनाची एक उंची असते. ३० मीटरच्या चौकोनांचे हे तीन फुकट मिळतात: फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारने मोजलेला एसआरटीएम, युरोपचा कोपर्निकस, आणि आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहावरून केलेला कार्टोडीईएम, जो इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर नोंदणी करून घेता येतो. मी कोपर्निकस घेते. आपल्याकडच्या उघड्या डोंगरांवर तो मला जास्त स्वच्छ वाटतो. दाट झाडी असेल तिथे मात्र हे तिन्ही कमी-अधिक प्रमाणात झाडांच्या शेंड्यांची उंची धरतात, म्हणून देवराईच्या कडेला खोटा कडा दिसतो.

रानपाखरू
साडेबारा मीटरचा पॅलसारचा (जपानी उपग्रहावरच्या रडारच्या नावाचा) डीईएम घ्या, जास्त बारीक आहे.

उतारवाट
नको. आपल्या भागासाठी तो एसआरटीएमचेच ३० मीटरचे चौकोन तोडून लहान केलेला आहे. चौकोन लहान झाले म्हणून माहिती वाढत नाही. मीही सुरुवातीला त्याच्यावर दोन गावांचे नकाशे केले होते, नंतर सगळे नव्याने करावे लागले.

माणदेशी_माती
ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. कोपर्निकस उतरवला, रास्टर मेनूत ॲनालिसिस, तिथे स्लोप. नकाशा आला, पण जवळपास सगळीकडे ८९.९ अंश! डोंगर सोडा, आमच्या शाळेचं मैदानही कड्यासारखं उभं दाखवतंय. काय चुकलं?

उतारवाट
सर, इथे प्रत्येक जण अडखळतो, तुमचं काही चुकलेलं नाही. डेटामध्ये आडवं अंतर अक्षांश-रेखांशाच्या अंशांत आहे आणि उंची मीटरमध्ये. ३० मीटरचा चौकोन सॉफ्टवेअरला ०.०००२८ एवढाच रुंद दिसतो. तेवढ्याशा अंतरात एक मीटर चढ म्हणजे त्याच्या हिशोबाने भिंतच.

आधी रास्टर, प्रोजेक्शन्स, वॉर्प असं जा. त्याने आडवं अंतरही मीटरमध्ये येतं. टार्गेटमध्ये ईपीएसजी ३२६४३ हा क्रमांक द्या, म्हणजे यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा, तुमचा तालुका त्यातच येतो. रीसॅम्पलिंग (नव्या चौकोनांची उंची काढायची रीत) 'बायलिनियर' ठेवा. 'निअरेस्ट' राहिलं तर उताराच्या नकाशावर आडव्याउभ्या रेघा उठतात. जी नवी फाइल मिळेल तिच्यावर परत स्लोप चालवा, आणि या वेळी 'अंशांऐवजी टक्के' या चौकटीवर खूण करा. हे विसरू नका. ३३ टक्के म्हणजे जेमतेम १८ अंश. अंशांच्या नकाशावर ३३ ची रेघ मारलीत तर १८ ते ३३ अंशांमधला सगळा धोक्याचा भाग चरांत येईल.

विदर्भातला_सर्व्हेवाला
ताईंच्या सांगण्यात एक भर. ७८ रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, भंडारा, गडचिरोली या बाजूला ३२६४४ घ्यायचं. धागा वाचून आमच्याकडचं कोणी ४३ लावायला नको.

कातळकोपरा
आणि सर, ३० मीटरच्या चौकोनात लहान घळ, जुना बांध, दहा मीटरची पट्टी यातलं काहीच दिसत नाही. कुठे जायचं नि कुठे नाही, एवढंच नकाशावरून ठरवा. चराची आखणी ए-फ्रेमनेच (काठ्यांचा 'A' आकाराचा सांगाडा आणि ओळंबा, समान उंची शोधायला) करा.

माणदेशी_माती
जमलं! शाळेचं मैदान २ टक्के आलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. तीन रंग दिले: १५ पर्यंत हिरवा, ३३ पर्यंत पिवळा, वर लाल. मागच्या वर्षी चर फुटले ती जागा लाल पट्ट्याच्या बरोबर मध्ये आली. आमचे एक आजोबा आयुष्यभर त्या डोंगरावर मेंढरं राखत आलेत. त्यांना छापून दाखवला. बोट लाल पट्ट्यावरून फिरवत म्हणाले, "इथं मेंढरू बी तिरकं चालतंय."

रविवारी ते, मी आणि दहावीची चार मुलं नकाशा घेऊन वर जाणार आहोत. तीन काठ्या बांधून ए-फ्रेम तयार आहे, ओळंबा गावातल्या गवंड्याने दिलाय. पिवळ्या भागातल्या दहा जागी उतार मोजून नकाशाशी ताडून बघतो आणि आकडे इथेच टाकतो.