न्यू जर्सीतील घराचा डेक: फळ्या लाकडाच्या घ्याव्यात की कॉम्पोझिटच्या?

अंगणवेडा (मध्य न्यू जर्सी)

आमचे घर 1998 साली बांधलेले आहे आणि मागील बाजूचा लाकडी डेक, म्हणजे घराला जोडलेला फळ्यांचा उघडा ओटा, घराइतकाच जुना आहे. तो 16 बाय 20 फुटांचा असून जमिनीपासून सुमारे चार फूट उंच आहे. त्याचे तोंड नैर्ऋत्येला असल्यामुळे दुपारनंतर सूर्य मावळेपर्यंत त्यावर सावली अशी येतच नाही. फळ्यांना लांब चिरा पडल्या आहेत, ठिकठिकाणी खिळे वर आले आहेत आणि मुलीच्या पायात लाकडाचे कुसळ शिरल्यापासून तिला तेथे अनवाणी जाऊ देण्याची आमची हिंमत होत नाही.

दोन कंत्राटदारांकडून अंदाजपत्रके घेतली. पहिल्याचे म्हणणे असे की खालचा सांगाडा तसाच ठेवून फक्त फळ्या काढाव्यात आणि वर कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या) बसवावे, म्हणजे पुढची पंचवीस वर्षे त्याकडे पाहायला नको. दुसरा म्हणतो की प्रेशर ट्रीटेड पाइनच्याच, म्हणजे दाबाखाली संरक्षक रसायने मुरवलेल्या लाकडाच्या, फळ्या लावाव्यात आणि दर दोन-तीन वर्षांनी स्टेन (लाकडात मुरणारा संरक्षक रंग) द्यावा. पहिल्याची रक्कम दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक आहे.

आमचा वापर कसा आहे तेही सांगतो, कारण त्याचा निर्णयाशी संबंध असावा. आई-बाबा पुण्याहून उन्हाळ्यात येतात आणि त्यांचा बराचसा दिवस डेकवरच जातो. चपला दाराशी काढण्याची सवय सर्वांनाच आहे. जुलैच्या उन्हात आई पापड-सांडगे वाळत घालते, दिवाळीत कडेने पणत्या लागतात, आणि शनिवार-रविवारी ग्रिल असते. ज्यांनी दोन्हींपैकी एक प्रकार काही वर्षे वापरला आहे, त्यांचे मत कळल्यास उपकार होतील.

गवंडी (पेनसिल्व्हेनिया)

मी बांधकाम-तपासणीच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मला फळ्यांच्या खाली पाहावेसे वाटते. कॉम्पोझिटची जाहिरात पाहून अनेकांचा असा समज होतो की संपूर्ण डेकच त्या पदार्थाचा होतो. प्रत्यक्षात लाकडाचा भुसा आणि पॉलिएथिलीन यांच्या मिश्रणापासून केलेली ही फळी केवळ पायाखालचा पृष्ठभाग असते. खालचे वासे, तुळया आणि खांब दोन्ही पर्यायांत प्रेशर ट्रीटेड पाइनचेच राहतात. पंचवीस वर्षांहून जुन्या सांगाड्यावर पंचवीस वर्षांची हमी असलेली फळी बसवली, तर फळी शाबूत असताना खालचा वासा कुजलेला असेल, आणि तो बदलण्यासाठी तीच महागडी फळी उखडावी लागेल. म्हणून पहिल्या कंत्राटदाराने सांगाडा न तपासता तो ठेवायला सांगितला असेल, तर त्याचा सल्ला मला घाईचा वाटतो.

एखाद्या कोरड्या दिवशी टोकदार स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डेकखाली जावे. घराच्या भिंतीला जोडलेली जी आडवी फळी असते, जिला येथे लेजर म्हणतात, तिच्यापासून सुरुवात करावी. डेक कोसळण्याच्या घटनांत बहुधा हीच जोडणी सुटलेली आढळते, कारण जुन्या कामांत ती नुसत्या खिळ्यांवर टांगलेली असते आणि तिच्या वर पाणी अडवणारी धातूची पट्टी बसवलेली नसते, त्यामुळे भिंतीवरून ओघळणारे पावसाचे व बर्फाचे पाणी मागे झिरपत राहते. अर्धा इंच जाडीचे लॅग स्क्रू (पान्याने आवळायचे जाड स्क्रू) किंवा आरपार बोल्ट दिसतात का, ते पाहावे. त्यानंतर वाशांचा वरचा काठ तपासावा, कारण खिळ्यांच्या छिद्रांतून पाणी तेथेच उतरते. शेवटी खांबांचे जमिनीलगतचे टोक पाहावे. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जेथे सहज आत जाईल तेथे लाकूड संपलेले आहे असे समजावे, वरून ते कितीही ठाकठीक दिसत असले तरी.

दोन वाशांमधील अंतर आणि सध्याच्या फळ्यांची जाडीही मोजून कळवावी. कॉम्पोझिट त्याच जाडीच्या पाइनपेक्षा जड असूनही बरेच अधिक लवते, म्हणून बहुतेक उत्पादक वासे मध्यापासून मध्यापर्यंत 16 इंचांपेक्षा दूर चालवून घेत नाहीत आणि फळ्या तिरप्या बसवायच्या असल्यास 12 इंच मागतात.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, परंतु 1998 हे साल वाचून ती सांगणे भाग आहे. त्या काळात घरगुती वापराच्या लाकडावर सर्रास क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाची प्रक्रिया केली जात असे. अमेरिकेत 2003 च्या अखेरीस हा घरगुती वापर थांबला, त्यामुळे आपल्या फळ्या त्याच प्रकारच्या असण्याची दाट शक्यता आहे. त्या घासून गुळगुळीत करण्याचा विचार मनात आणू नये, कारण ती धूळ श्वासात जाणे धोक्याचे आहे. त्यांचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कधीही जाळू नयेत आणि डेकखालच्या मातीत भाजीपाला लावू नये.

हिमसमाधी (ओंटारियो, कॅनडा)

आमच्याकडे सात-आठ हिवाळ्यांपासून कॉम्पोझिट आहे आणि पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी तेच घेईन. फक्त ते कवच असलेले आहे याची खात्री करून घ्यावी. सुरुवातीच्या काळातील फळ्या उघड्या असत, त्यांतील भुशाला ओल लागून काळी बुरशी धरत असे आणि तेलाचा डाग कायमचा बसत असे. साधारण 2010 नंतर बाजारात प्लास्टिकचे पातळ कवच चढवलेल्या फळ्या रुळल्या, आणि कॉम्पोझिटविषयी लोक ज्या जुन्या तक्रारी सांगतात त्यांतील बऱ्याच त्यापूर्वीच्या मालाच्या आहेत. तीन बाजूंनी कवच असलेली फळी स्वस्त पडते, चारही बाजूंनी असलेली महाग. जमिनीलगतच्या, खालून हवा न खेळणाऱ्या डेकला दुसरी घ्यावी. आपला डेक चार फूट उंच असल्याने पहिलीही चालेल.

पणत्यांच्या तेलाविषयी सांगायचे तर पाइनमध्ये ते खोल मुरते, कवचावर मात्र साबणाच्या कोमट पाण्याने लगेच पुसले तर निघून जाते. ग्रिलचे निखारे ही वेगळी बाब आहे. जळता निखारा पडला तर लाकडावर काळा ठिपका उमटतो आणि तो घासता येतो, कॉम्पोझिट मात्र वितळते आणि त्यावर उपाय म्हणजे ती फळी बदलणे. ग्रिलखाली चटई घालावी, पण तिची खालची बाजू रबराची नसावी, कारण रबराखाली फळीचा रंग बदलतो.

“काहीच करावे लागत नाही” हे विधान मात्र विक्रेत्यापुरतेच ठेवावे. वसंतातील परागकण आणि शरदातील ओली पाने पृष्ठभागावर साचली की त्या मळावर बुरशी येतेच, म्हणून वर्षातून दोनदा मऊ ब्रशने धुवावे लागते. बर्फ प्लास्टिकच्या फावड्यानेच आणि फळीच्या लांबीच्या दिशेने काढावा. खारींनी एका कोपऱ्याचा काठ कुरतडला आहे. त्याची हमीपत्रात सोय नाही. तरीही शेजारी दर दोन-तीन वर्षांनी स्टेनचा डबा घेऊन गुडघ्यांवर बसलेले असतात तेव्हा माझा शनिवार मोकळा असतो.

अंगणवेडा

दोघांचे मनःपूर्वक आभार. काल खाली जाऊन पाहिले. वाशांमधील अंतर 24 इंच आहे आणि फळ्यांची जाडी दीड इंच भरली. लेजरला मुख्यतः खिळेच आहेत, बोल्ट अगदी मोजके, आणि धातूची पट्टी कोठेही दिसली नाही. स्वयंपाकघराच्या दाराखाली दोन ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर जवळपास अर्धा इंच आत गेला. खांब मात्र कणखर वाटले.

गवंडी

मग प्रश्नच बदलला. आपल्या डेकवर ज्यांना बाजारात दोन बाय सहा इंचांच्या म्हणतात, पण ज्या प्रत्यक्षात दीड इंच जाड असतात, अशा फळ्या आहेत, म्हणून 24 इंचांचे अंतर आजवर निभावले. कॉम्पोझिटची फळी सुमारे एक इंच जाडीची असते. त्या सांगाड्यावर ती बसवली असती तर चालताना झुलली असती आणि उत्पादकाने हमी नाकारली असती. शिवाय पृष्ठभाग अर्धा इंच खाली गेल्यामुळे जिन्याची सर्वांत वरची पायरी इतरांपेक्षा अर्ध्या इंचाने वेगळी झाली असती. येथील घरबांधणीच्या नमुना-संहितेत जिन्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत 3/8 इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि हा नियम हौसेपोटी केलेला नाही. पायाला एका उंचीची सवय झालेली असते आणि वयस्कर माणसे नेमकी अशाच पायरीवर अडखळतात.

पाइनच्या बाजूनेही हेच लागू पडते. कुजलेल्या लेजरवर नव्या फळ्या ठोकण्यात काही अर्थ नाही. सांगाडा नव्याने करावा आणि त्यासाठी टाउनशिपकडून, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडून, परवाना घ्यावा. पाया गोठणाऱ्या मातीच्या थराखाली जावा लागतो, मध्य व उत्तर जर्सीत त्यासाठी साधारण 36 इंच खोली मागतात, त्यामुळे जुने खांब कणखर असले तरी त्यांच्या पायाची खोली तपासून घ्यावी. जमिनीपासून 30 इंचांहून उंच डेकला 36 इंचांचा कठडा लागतो आणि त्याच्या उभ्या दांड्यांतून चार इंचांचा चेंडू पार जाता कामा नये. नव्या वाशांच्या वरच्या काठावर ब्युटिलची (पाणी अडवणाऱ्या रबराची) चिकटपट्टी लावून घ्यावी. तिचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो. हल्लीच्या प्रक्रियेच्या लाकडात तांब्याचे प्रमाण अधिक असल्याने साधे स्क्रू लवकर गंजतात, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत.

सुतारपक्षी (ऑस्टिन, टेक्सास)

सांगाड्याबाबत गवंडी यांच्याशी पूर्ण सहमत आहे, परंतु हिमसमाधी यांनी ओंटारियोतून दिलेला कौल नैर्ऋत्येच्या डेकला जसाच्या तसा लावू नये. येथे दुपारी कॉम्पोझिटवर अनवाणी उभे राहणे अशक्य होते. हवा 35 अंश सेल्सियस असताना गडद रंगाच्या फळीचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास जाऊ शकतो. लाकूडही तापते, पण हलक्या, सच्छिद्र पाइनमधून उष्णता तळपायात सावकाश शिरते. दाट कॉम्पोझिट ती झटकन देते. आई-बाबा संध्याकाळी पाच वाजता चहा घेऊन बाहेर येतील, तेव्हा जुलैत आपल्या डेकवर ऊन ऐन भरात असेल. पापड लवकर वाळतील हे खरे, पण ते उलटायला जाणाऱ्याने चपला घातलेल्या बऱ्या.

उष्णतेचा दुसरा परिणाम लांबीवर होतो. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. कॉम्पोझिट तापमानाने लांबीत वाढते. हिवाळा आणि उन्हाळा यांत पृष्ठभागाचा पन्नास अंशांचा फरक धरला तर 16 फुटांची फळी सुमारे एक सेंटीमीटर कमी-जास्त होते. म्हणून टोकांशी किती फट ठेवायची हे बसवण्याच्या दिवशीच्या तापमानावरून ठरवायचे असते, आणि घाईत असलेला कामगार ते पाहत नाही. घराच्या त्या बाजूला ऊर्जा वाचवणाऱ्या लेपाच्या काचा असतील तर त्यांवरून परावर्तित झालेले ऊन एका पट्ट्यावर एकवटून फळी वाकल्याची उदाहरणे आहेत, आणि बहुतेक हमीपत्रांत असे नुकसान वगळलेले असते.

लाकूडच घ्यायचे ठरले तर साध्या ओल्या पाइनऐवजी प्रक्रियेनंतर भट्टीत वाळवलेले पाइन मागावे. ते कमी पिळते आणि त्याला लवकर स्टेन देता येतो. ओले पाइन बसवले तर त्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहावे, आणि ते मुरू लागेपर्यंत स्टेनची घाई करू नये. सीडर दिसायला देखणे आणि पायाला सुखद असते, पण इतके मऊ की खुर्चीचे पाय उमटतात. ब्राझीलचे इपे हे लाकूड टिकाऊपणात या सर्वांच्या पुढे आहे, पाण्यात टाकले तर बुडेल इतके दाट, आणि त्याच कारणाने उन्हात तेही तापते. नोव्हेंबर 2024 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या (धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टाखाली आलेला आहे, त्यामुळे विकणाऱ्याकडे कायदेशीर कागदपत्रे मागावीत. माझ्या मते जंगलातून येणाऱ्या अशा लाकडाची घरगुती डेकला गरज नाही.

हिमसमाधी

उन्हाचा मुद्दा मान्य आहे, आमचा डेक उत्तरेला आहे. एक सुचवतो. बहुतेक उत्पादक फळ्यांचे नमुने फुकट किंवा नाममात्र किमतीत पाठवतात. एक फिकट राखाडी, एक गडद तपकिरी आणि दुकानातून आणलेला पाइनचा तुकडा असे तिन्ही आपल्याच डेकवर चार वाजता ठेवावेत आणि घरातील प्रत्येकाने त्यांवर पाय ठेवून पाहावा. सावलीची छत्री किंवा पर्गोला (उघड्या छताचा मांडव) करणार असाल तर तेही गणितात धरावे.

गवंडी

परवान्याचा नकाशा करताना वासे 12 इंचांवर दाखवावेत. 16 इंचांच्या मानाने चार-सहा वासे जास्त लागतील, परंतु मग वर पाइन, सीडर किंवा कॉम्पोझिट यांपैकी काहीही बसू शकते आणि फळ्यांचा निर्णय नमुने उन्हात ठेवून पाहिल्यावर करता येईल. कंत्राटदाराला अंदाजपत्रकाचे तीन भाग वेगळे करायला सांगावे: सांगाडा, फळ्या आणि कठडा. कॉम्पोझिटचा कठडा बऱ्याचदा फळ्यांइतकाच महाग पडतो. फळ्या कोणत्याही घेतल्या तरी कठडा ॲल्युमिनियमचा करून तेथे बचत करता येते. हमीपत्रात मजुरी धरली आहे का, हेही सही करण्यापूर्वी वाचावे. पुष्कळ ठिकाणी फक्त बदली फळी मिळते, आणि ती बसवण्याचा खर्च आपलाच असतो.

अंगणवेडा

पहिल्या कंत्राटदाराला तीन भागांचे अंदाजपत्रक मागितले आहे. नमुन्यांत दोन फिकट रंग मागवले, गडद तपकिरी यादीतून काढला. टाउनशिपच्या कार्यालयात सोमवारी जाणार आहे, जुन्या खांबांच्या पायाची खोली तेथील नोंदींत आहे का, ते आधी विचारतो.