एकाच कास्टिंगवर (ओतीव भागावर) तिघांचे तीन पगार, हे कसं?

वाळूतला माणूस, उद्यमबाग
22 वर्षं बेळगावात फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात काढली. दोन वर्षांमागं नवीन मोल्डिंग लाईन आली. आधी चौदा जण हातानं वाळूच्या साच्यांचे बॉक्स ठोकायचो, आता चौघं. त्यात मी राहिलो, नशीब म्हणायचं. पण पगार हाय तिथंच. मी ओतलेल्या व्हॉल्व्ह बॉडीला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) भोकं पाडणारा आयटीआयचा पोरगा माझ्यापेक्षा सहा हजार जास्त घेतो. असू दे, शिकलाय. पण फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, दोघं शेजारी-शेजारी ग्राइंडर धरतात, धूळ सारखीच खातात. एक कंपनीचा, एक ठेकेदाराचा, आणि ठेकेदारवाल्याला जवळपास निम्मंच. मशीनमुळं, एक्स्पोर्टमुळं का कायद्यामुळं? जाणत्यांनी सांगा की.

जॉबवर्कवाला, मच्छे
मामा, माझं व्हीएमसी हप्त्यावर हाय. ऑपरेटरला चाकणहून फोन येतात. तो गेला तर मशीन बंद, हप्ता चालूच. म्हणून त्याचा पगार वाढवावा लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आपल्या बऱ्याच मालावर 50 टक्के शुल्क नेलं, तवा गिऱ्हाइकानं दर पाडून मागितला. ऑपरेटरला हात लावला नाही. फेटलिंगची ओटी (ओव्हरटाइम) बंद केली. खरं ते सांगितलं, राग मानू नका.

जुना युनियनवाला
1970 चा कंत्राटी कामगार कायदा लागू व्हायला मर्यादा 20 माणसांची होती. मग एकाच शेडमध्ये तीन ठेकेदार, प्रत्येकाकडं 19! 21 नोव्हेंबर 2025 ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ती 50 झाली. आता 49 मोजत बसा. तरी ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालक जबाबदार, हे त्या ठेकेदारवाल्या पोराला सांगा. पीएफचं पासबुकही बघायला लावा. आणि किमान वेतन राज्यागणिक आणि कामाच्या दर्जागणिक ठरतं. हद्दीपलीकडं शिनोळीला महाराष्ट्राचा दर, तुमच्याकडं कर्नाटकचा. तुमच्या पगाराच्या पावतीवर कुशल लिहिलंय का अर्धकुशल, ते आधी बघा.

मागवाला, वडगाव
तुम्हाला पावती तरी मिळते. आमच्यात साडीमागं मजुरी. सुरतेची स्वस्त साडी आली की माग थांबला, मजुरी पण थांबली.

वाळूतला माणूस, उद्यमबाग
पावती काढून बघितली. कन्नडमध्ये हाय, पोरीकडनं वाचून घेतली. 'हेल्पर' लिहिलंय.